हिमप्रदेशातील सारथी

वैनगंगेच्या तीरावर वसलेले पवनी हे भंडारा जिल्ह्यातील एक प्राचीन नगर आहे. या भागातील मुलांना शंकरपट चांगलाच ठाऊक असतो. बैलांची जोडी वाऱ्याच्या वेगाने धावते आणि काही क्षणांतच शर्यतीचा निकाल लागतो. परंतु पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ, अलास्का नावाच्या हिमप्रदेशात, तीन-तीन दिवस चालणारी एक शर्यत होत असे. तेथे बैलांऐवजी कुत्रे धावत आणि ते ओढीत असलेल्या गाडीला चाके नसत. बर्फावरून घसरत जाणाऱ्या या गाडीला स्लेज म्हणतात. अशा गाडीचा एक थोर सारथी म्हणजे लिओनार्ड सेपाला.

सेपालाचा जन्म 1877 साली नॉर्वे देशाच्या उत्तर भागात झाला. त्याचे वडील मासेमारी करीत आणि लोहारकामही करीत. सेपालानेही लहानपणी हीच कामे शिकून घेतली. पुढे अलास्कात सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा 1900 साली तो नोम या गावी गेला व एका खाण कंपनीत चाकरीस राहिला. कंपनीचे सामान स्लेजवरून वाहून नेणे हेही त्याच्या कामांपैकी एक होते.

दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणारा अमुंडसेन त्या सुमारास उत्तरेकडील मोहिमेची तयारी करीत होता. त्याच्यासाठी आणलेले सायबेरियन जातीचे काही कुत्रे सेपालाकडे शिकविण्यास दिले होते. ती मोहीम रहित झाली आणि कुत्रे सेपालाकडेच राहिले. तेव्हा 1914 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने नोमच्या प्रसिद्ध शर्यतीत प्रथमच भाग घेतला. नोमपासून कँडल गावापर्यंत जाऊन परत येण्याची ही शर्यत सुमारे 656 किलोमीटरांची होती. गाडी हाकणे त्याला नवे नव्हते. शर्यत मात्र अगदी नवी होती. त्याचे प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे त्या मार्गावर धावलेले होते.

या नवखेपणाचे फळ त्याला लवकरच मिळाले. वाटेत हिमवादळ सुटले आणि तो मार्ग चुकला. समोर समुद्रावरचा तुटलेला कडा आला. मोठ्या कष्टाने त्याने कुत्र्यांना मागे वळविले. तथापि धारदार बर्फाने त्यांचे पंजे फाटले होते व थंडीने त्यांची दुर्दशा झाली होती. सेपालाने शर्यत सोडून दिली. हरल्याचे दुःख त्याला होतेच; परंतु आपल्यावर विश्वास ठेवून धावणाऱ्या मुक्या प्राण्यांना आपल्या अज्ञानामुळे यातना झाल्या, हे त्याच्या मनाला अधिक लागले.

पुढील वर्षभर त्याने अबोलपणे अभ्यास केला. कुत्र्यांना किती धाववावे, केव्हा विसावा द्यावा, त्यांचे पंजे कसे जपावे हे त्याने नीट जाणून घेतले. 1915 साली तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि जिंकला. 1916 व 1917 या दोन्ही वर्षीही त्यानेच विजय मिळविला.

परंतु त्याची खरी कसोटी पुढेच होती. जानेवारी 1925 मध्ये नोम गावात घटसर्पाची साथ आली. या रोगात घसा सुजून श्वास कोंडतो आणि विशेषतः लहान मुले दगावतात. आज या रोगाची लस बालकांना दिली जाते. नोममध्ये मात्र त्या वेळी पुरेसे औषध नव्हते. समुद्र गोठल्यामुळे जहाजे येत नव्हती. औषध आगगाडीने नेनाना गावापर्यंत आले. तेथून नोमपर्यंतचे 1,085 किलोमीटरांचे अंतर वीस सारथ्यांनी पाळीपाळीने तोडावे असे ठरले.

सर्वांत लांबचा व बिकट टप्पा सेपालाकडे आला. तो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा अग्रेसर कुत्रा टोगो बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्यांमध्ये वृद्धच होता. सेपालाची एकुलती एक मुलगीही नोममध्येच होती. 31 जानेवारी रोजी औषध त्याच्या हाती आले. गोठलेल्या उपसागरावरून गेल्यास वाट जवळची होती. पण वाऱ्याने बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. वळसा घालून जाण्यास वेळ उरला नव्हता. रात्रीच्या काळोखात सेपालाला पुढचे काही दिसेना, तेव्हा त्याने टोगोच्या पावलांवर भरवसा ठेवला. ते सुखरूप पार झाले आणि थोड्याच वेळात तो बर्फ फुटला. जाण्यायेण्यात मिळून या जोडीने सुमारे 420 किलोमीटर अंतर तोडले. 2 फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोहोचले आणि साथ आटोक्यात आली.

शेवटच्या सारथ्याच्या गाडीपुढे बाल्टो नावाचा कुत्रा होता. वर्तमानपत्रांनी त्याचीच कीर्ती गाइली व त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. बाल्टोही सेपालाच्याच कुत्र्यांपैकी एक होता. तरी टोगोची उपेक्षा झाली याचे शल्य सेपालाला जन्मभर राहिले. त्याच शहरात टोगोचा पुतळा उभा राहण्यास 2001 साल उजाडावे लागले.

1967 साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, सेपालाचे निधन झाले. 1973 पासून अलास्कात नोमपर्यंत इडिटारोड नावाची लांब पल्ल्याची शर्यत होऊ लागली. त्या शर्यतीत सेपालाच्या नावाने एक पारितोषिक ठेवले आहे. ते सर्वांत वेगवान सारथ्यासाठी नाही. आपल्या कुत्र्यांची उत्तम काळजी घेणाऱ्या सारथ्याला ते दिले जाते. पहिल्याच शर्यतीत झालेल्या चुकीपासून जो धडा सेपाला शिकला, तोच आज त्याच्या नावाने इतरांना शिकविला जात आहे.