अक्षरांचे उस्ताद : एडवर्ड जॉन्स्टन

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शाळेत कार्यक्रम असला की तुम्ही भित्तिपत्रके तयार करता. चित्र काढून होते, रंग भरून होतो. पण अक्षरे लिहायची वेळ आली की पंचाईत होते. ओळीच्या सुरुवातीची अक्षरे ऐसपैस येतात आणि शेवटची अक्षरे दाटीवाटीने बसवावी लागतात. अक्षर किती उंच असावे? किती जाड असावे? दोन अक्षरांत किती जागा सोडावी? साधे वाटणारे हे प्रश्न एका माणसाला आयुष्यभर पुरले. त्यांचे नाव एडवर्ड जॉन्स्टन. लंडनच्या भुयारी रेल्वेतून रोज लाखो लोक प्रवास करतात. त्यांना वाट दाखवणारी अक्षरे जॉन्स्टन यांच्याच अक्षरांवरून घडलेली आहेत.

एडवर्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८७२ रोजी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशात झाला. त्यांचे आईवडील ब्रिटिश होते. एडवर्ड लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतले. एडवर्ड यांचे शिक्षण घरीच झाले. त्यांना गणिताची आवड होती. जुन्या हस्तलिखितांसारखी नक्षीदार अक्षरे काढण्याचाही छंद होता. १८९१ मध्ये आईचे निधन झाले. पुढे एडवर्ड एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. परंतु प्रकृती साथ देईना. शेवटी डॉक्टर होण्याचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला.

हातात पदवी नाही, अंगात फारशी ताकद नाही, पुढे काय करायचे ते ठाऊक नाही. अशा अवस्थेत १८९८ मध्ये या तरुणाची विल्यम लेथाबी यांच्याशी भेट झाली. लेथाबी हे वास्तुशिल्पी होते आणि लंडनमधील एका कलाशाळेचे प्रमुख होते. एडवर्ड यांची अक्षरे पाहून त्यांनी या तरुणाची पारख केली. ब्रिटिश संग्रहालयात जाऊन तेथील जुनी हस्तलिखिते नीट अभ्यासावीत, असा सल्ला त्यांनी दिला.

तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण त्या काळी इंग्लंडमध्ये सुलेखनाची जुनी विद्या जवळजवळ विसरली गेली होती. छपाई सुरू होऊन चारशे वर्षे लोटली होती. हाताने ग्रंथ लिहिणारे लोक उरले नव्हते. सुंदर अक्षर हवे असेल तर लोक आधी बारीक रेघेने त्याची बाह्याकृती काढत आणि मग आत शाई भरत. एडवर्ड यांना शिकवायला कोणी गुरू नव्हता. शेकडो वर्षांपूर्वीची पाने हाच त्यांचा गुरू झाला.

एडवर्ड दिवसच्या दिवस ती पाने न्याहाळत बसत. हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जुन्या लेखकांनी अक्षरांत शाई भरलेली नव्हती. त्यांच्या लेखणीचे टोकच रुंद होते. लेखणी एका कोनात धरली की आडवी-उभी रेघ कुठे जाड, कुठे बारीक आपोआप उमटते. एडवर्ड यांनी बोरू आणि पिसाच्या लेखण्या स्वतः कापल्या, पुन्हा पुन्हा लिहून पाहिले आणि हरवलेली विद्या परत मिळवली.

तुम्हांला मात्र ही गोष्ट नवी वाटणार नाही. उर्दू लिहिणारे खुशनवीस आजही तिरके कापलेले कलम वापरतात. त्या कलमाचे टोक कागदावर टेकवले की चौकटच्या आकाराचा नुक्ता उमटतो. याच नुक्त्याने ते अक्षर मोजतात. नस्तालीक लिपीतील अलिफ साधारण तीन नुक्त्यांइतका उंच असतो. जॉन्स्टन यांनी रोमन लिपीसाठी अशीच पद्धत सांगितली. ज्या लेखणीने लिहायचे, तिच्या टोकाची रुंदी हेच माप धरायचे. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जे पायाभूत वळण तयार केले, त्यात लहान अक्षरांची उंची साधारण चार लेखणी-रुंदी इतकी असते. लेखणी मोठी घेतली की अक्षर मोठे होते, पण त्याचे प्रमाण बिघडत नाही. दहाव्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या एका धार्मिक ग्रंथाच्या अक्षरांवरून त्यांनी हे वळण बसवले होते.

सप्टेंबर १८९९ मध्ये जॉन्स्टन यांनी लेथाबी यांच्या शाळेत पहिला वर्ग घेतला. कालचा विद्यार्थी आज शिक्षक झाला! ते फळ्यावर रुंद खडूने अक्षरे काढून दाखवत. नुसती नक्कल केलेली त्यांना आवडत नसे. अक्षराला हा आकार का आला, हे आधी समजून घ्या, असा त्यांचा आग्रह असे. १९०६ साली त्यांचे सुलेखनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांत आना सिमोन्स नावाची एक जर्मन तरुणी होती. तिच्या प्रांतातील कलाशाळांत तेव्हा मुलींना प्रवेश मिळत नसे, म्हणून ती शिकायला लंडनला आली होती. तिने जॉन्स्टन यांची विद्या जर्मनीत नेली आणि १९१० मध्ये त्यांच्या पुस्तकाचा जर्मन अनुवादही केला.

आता आपण भुयारी रेल्वेकडे वळू. त्या काळी लंडनच्या स्थानकांच्या भिंती जाहिरातींनी भरून गेलेल्या असत. त्या गर्दीत स्थानकाचे नाव कोठे लिहिले आहे, तेच प्रवाशांना सापडत नसे. गाडी थांबे, सुटे आणि प्रवासी गोंधळून जात. रेल्वेचे एक अधिकारी फ्रँक पिक यांना ही अडचण फार खटकत होती. १९०८ पासून रेल्वेच्या प्रसिद्धीचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी जाहिरातींसाठी वेगळी जागा ठरवून दिली. चांगल्या चित्रकारांकडून रेल्वेची भित्तिपत्रके करून घेतली. पण चित्रे कितीही चांगली असली, तरी अक्षरे नाना तऱ्हेची होती. फलकावर एक वळण, भित्तिपत्रकावर दुसरे. हे सारे एका घरचे वाटावे, यासाठी १९१३ मध्ये पिक यांनी जॉन्स्टन यांची भेट घेतली.

येथे जॉन्स्टन यांची खरी परीक्षा होती. जाड-बारीक रेघांचे सौंदर्य त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. पण धावत्या गाडीतून, दुरून, घाईत वाचायच्या अक्षराला ती नजाकत कामाची नव्हती. तेथे साधे आणि स्वच्छ अक्षरच हवे होते. जॉन्स्टन यांनी आपली आवड बाजूला ठेवली आणि वाचणाऱ्याची गरज पाहिली. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये त्यांनी नवी अक्षरे पूर्ण केली. या अक्षरांच्या सर्व रेघा सारख्याच जाड होत्या. मोठ्या अक्षरांच्या रेघेची जाडी उंचीच्या एक-सप्तमांश होती. ‘ओ’ हे अक्षर पूर्ण गोल होते. लहान लिपीतील ‘एल’ हे अक्षर ‘एक’ या आकड्यासारखे वाटू नये, म्हणून त्यांनी त्याच्या पायाला किंचित वळण दिले. दिसायला साध्या, पण मागे केवढा विचार!

या अक्षरांत त्यांनी आपल्या जुन्या लेखणीची एक खूण मात्र ठेवली. इंग्रजी ‘आय’वरचा ठिपका त्यांनी गोल काढला नाही, चौकटच्या आकाराचा काढला. रुंद टोकाची लेखणी टेकवल्यावर उमटतो तसाच, अगदी तुमच्या नुक्त्यासारखा!

भित्तिपत्रके छापण्यासाठी ही अक्षरे लाकडात कोरली गेली. लाल वर्तुळ आणि त्यावर निळी आडवी पट्टी हे भुयारी रेल्वेचे चिन्हही जॉन्स्टन यांनीच नव्याने रेखले. आता स्थानकाचे नाव, दिशा दाखवणारा फलक आणि सहलीचे भित्तिपत्रक यांची भाषा एक झाली. परक्या माणसालाही वाट सापडू लागली.

जॉन्स्टन फार सावकाश काम करत. प्रसिद्धीच्या मागे ते कधी लागले नाहीत. त्यांचे विद्यार्थी एरिक गिल यांनी १९२८ मध्ये ‘गिल सॅन्स’ ही छपाईची अक्षरे जगापुढे आणली. ती जगभर गाजली. गुरूची अक्षरे रेल्वेच्या मालकीची होती, ती बाजारात विकली जात नव्हती. त्यामुळे शिष्याचे नाव गुरूपेक्षा मोठे झाले. आपल्या अक्षरांवर गुरूच्या अक्षरांची छाप आहे, हे गिल यांनी मान्य केले होते.

२६ नोव्हेंबर १९४४ रोजी डिचलिंग या गावी जॉन्स्टन यांचे निधन झाले. काळाच्या गरजेनुसार १९७९ च्या सुमारास आणि पुन्हा २०१६ मध्ये त्यांच्या अक्षरांत थोडे बदल करण्यात आले. चौकटच्या आकाराचा तो ठिपका मात्र कायम राहिला.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी भित्तिपत्रक कराल तेव्हा घाई करू नका. आधी कलमाने एक नुक्ता काढा आणि त्याच मापाने अक्षरांची उंची ठरवा. ओळ लिहून झाली की भित्तिपत्रक भिंतीवर टांगा आणि दहा पावले मागे जा. तेथून ते सहज वाचता येते का, ते पाहा. वाचता आले नाही, तर पुन्हा लिहा. जॉन्स्टनही हेच करत आले. अक्षर लिहिणाऱ्याच्या हातून उतरते, पण असते ते वाचणाऱ्यासाठी.