टिटवाळ्याहून गेलेला निरोप

आसनगावहून लोकलने कॉलेजला जाताना टिटवाळा रोज लागतं ना? मुरबाडवाल्यांनो, गणपतीमुळे तुम्हालाही ते माहीत असेलच. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली होती. भरवणाऱ्यांत होत्या गोदावरी परुळेकर. जन्म पुण्याचा, शिक्षण कायद्याचं. सगळे त्यांना गोदूताई म्हणायचे.

आजच्या तलासरी भागातले काही वारली या परिषदेला आले होते. त्यांच्याकडे ‘लग्नगडी’ ही पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. ते फिटायचं कधी? बऱ्याचदा कधीच नाही. अमेरिकेतले गुलाम छुप्या वाटांनी उत्तरेकडे पळायचे, हे एखाद्या सिरीजमध्ये पाहिलं असेल. पण वारली पळून जाणार कुठे? गाव त्यांचंच होतं!

मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही, असं ठरलं. निरोप पाड्यापाड्यांवर पोचला. लाल बावटा घेतलेले जथे सावकारांच्या दारात गेले आणि लग्नगड्यांना चक्क दिवसाढवळ्या सोडवून आणलं.

मग याच निरोपाच्या वाटेने एक अफवा सोडली गेली, गोदूताईंवर हल्ला होणार म्हणून. त्यांना वाचवायला लोक तलवाड्याला जमले. १० ऑक्टोबरला पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. गोदूताईंना जिल्हाबंदी झाली. पुढच्या वर्षी वारल्यांनी मजुरीसाठी पुन्हा संप केला.