रंगावधूत महाराज आणि बावनीचा जन्म



आमच्या आगरात गुरुवारी संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरातून दत्तबावनी ऐकू येतेच. डहाणूकडे मराठी आणि गुजराती शेजार इतका जुना, की ही गुजराती बावनी मराठी बायकांनाही तोंडपाठ. पण ती रचणारे रंगावधूत महाराज मूळचे मराठी घरातले, हे मलासुद्धा बँकेतून निवृत्त झाल्यावरच कळलं.

आडनाव वळामे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं देवळे. वडील विठ्ठलपंत गोध्र्याला विठ्ठल मंदिरात पूजाअर्चा करीत. तिथेच २१ नोव्हेंबर १८९८ रोजी पांडुरंगाचा जन्म झाला. वडील लवकर गेले, आईने मुलं वाढवली. लहानपणीच नरसोबाच्या वाडीला टेंबेस्वामींचं दर्शन झालं आणि गुरू ठरले ते कायमचे. पुढे गांधीजींच्या हाकेला ओ देऊन कॉलेज सोडलं, काही काळ शिक्षकी केली आणि १९२५ साली नर्मदाकाठी नारेश्वरला येऊन बसले. तेव्हा तिथे नुसतं जंगल आणि स्मशान. भुताखेतांची जागा म्हणून लोक दिवसाही तिकडे फिरकत नसत. महाराज लिंबाच्या झाडाखाली राहिले आणि हळूहळू लोकांची भीती गेली.

बावनीचा जन्मही भूतबाधेतूनच झाला. कलोलजवळ सईज नावाचं गाव आहे. तिथल्या एका भक्ताच्या पत्नीला पिशाच्चबाधेचा फार त्रास होता. पुष्कळ उपाय झाले, गुण येईना. महाराज त्या गावी आले असता भक्ताने गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी ना अंगारा दिला, ना गंडा बांधला. ४ फेब्रुवारी १९३५, सोमवारी, त्यांनी दत्तप्रभूंच्या लीलांच्या बावन्न ओळी रचून दिल्या आणि पाठ करायला सांगितलं. बाईंचा त्रास गेला, असं भक्तमंडळी सांगतात.

त्या ओळींत जंभासुरही येतो. जंभाने देवांना सळो की पळो केलं, तेव्हा देव दत्तात्रेयांच्या आश्रमात शिरले. मागोमाग दैत्यही आले. तिथे लक्ष्मी दिसली आणि लढाई विसरून त्यांनी तिला पालखीत घालून डोक्यावर घेतली. लक्ष्मी डोक्यावर चढली म्हणजे ती सोडून जाणार, हे दत्तप्रभूंनी ओळखलं आणि देवांना धीर दिला. मग इंद्राने जंभाला मारलं. म्हणजे दैत्य हरला तो आपल्याच हावेपायी. (चाळीस वर्षं लोकांचे पैसे मोजल्यामुळे ही कथा मला जरा जास्तच पटते.)

आता आमच्या घरचं सांगतो. पहिल्या बाळंतपणानंतर आमची मंडळी एकदम गप्प झाली. जेवण नाही, झोप नाही, बाळाला जवळ घेईना. शेजारपाजारचे बाहेरचं लागलंय म्हणू लागले. कोणी भगताकडे न्यायला सांगितलं. तो कोंबडं मागणार आणि धूर देणार. ओल्या बाळंतिणीला धूर! मी नोकरीला नवा, घरात वडीलधाऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती. शेवटी मोठ्या काकूच उभ्या राहिल्या. त्यांनी शेजारच्या गुजराती बेनकडून बावनी मराठी अक्षरांत वहीत उतरवून घेतली, रोज तिच्या उशाशी बसून म्हणायला लागल्या आणि मला म्हणाल्या, तू डॉक्टरला घेऊन ये. औषध चालू, बावनीही चालू. दोन-अडीच महिन्यांनी ती स्वतःहून बाळाला न्हाऊ घालायला बसली. कशाने बरी झाली असं कोणी विचारलं, की काकू नुसत्या हसायच्या.

महाराजांनी १९ नोव्हेंबर १९६८ रोजी हरिद्वारला देह ठेवला; अंत्यसंस्कार नारेश्वरलाच झाले. त्यांच्या आईचं स्थानही तिथेच आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं गेलो, तेव्हा हिने काकूंची ती वही पिशवीत घेतली होती. लिंबाखाली बसून वही न उघडता तिने बावनी म्हटली. मी दोनदा चुकलो, ती नाही.