वेल्ड पक्का, तरी शिडी मोडली! आल्फ्रेड व्हिल्म यांची गोष्ट

आमच्या बावड्याच्या घरी अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीची पायरी निखळली. आर्गन वेल्डिंग करून आणलं. महिन्याभरात शिडी पुन्हा गेली आणि माझं मनगट मोडलं. वेल्ड मात्र जसाच्या तसा! तडा गेला होता त्याच्या शेजारी. असं का, हे शोधताना मी पोहोचलो आल्फ्रेड व्हिल्म यांच्यापर्यंत.

व्हिल्म यांचा जन्म 1869 चा, जर्मनीतल्या सायलेशियातला. त्यांना अ‍ॅल्युमिनियम कडक करायचं होतं. लोखंडासारखं तापवून पाण्यात बुडवलं, तरी ते मऊच राहायचं. 1906 च्या सुमारास त्यांनी तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला तुकडा साधारण 500 अंशांवर तापवून थंड केला आणि सुट्टीमुळे तसाच ठेवला. दोन दिवसांनी मोजला, तर तो आपोआप कडक झालेला! यातूनच ड्युरालुमिन आलं आणि पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच बनले.

व्हिल्म नंतर संशोधन सोडून शेतीकडे वळले. 1937 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी कारण दिसलं: धातूच्या आत तांब्याच्या अणूंचे बारीक पुंजके जमतात आणि थरांना सरकू देत नाहीत.

आता माझ्या शिडीकडे या. तिच्यात तांब्याऐवजी मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, पण युक्ती तीच. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पुंजके बिघडतात आणि तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे वेल्डरची चूक नव्हतीच.

मग उपाय काय? कारखान्यात वेल्डनंतर अख्खा भाग पुन्हा तापवतात, पाण्यात थंड करतात आणि 160-180 अंशांवर काही तास ठेवतात. दुसरा उपाय 1991 मध्ये इंग्लंडमध्ये निघाला: फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. यात फिरती पिन धातू न वितळवता कालवून जोडते, त्यामुळे ताकद कमी घटते. झीज रोखायला वरून हार्ड अ‍ॅनोडायझिंग करतात. तुमच्या फोनची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम असेल, तर तिच्यावरही बहुधा अ‍ॅनोडायझिंगचाच थर असतो.

गावातल्या वर्कशॉपमध्ये अशी भट्टी नसते. म्हणून ज्यावर माणूस चढतो ती अ‍ॅल्युमिनियमची वस्तू वेल्ड करून वापरू नका, बदला. माझी नवी शिडी आली, मनगटही आता बरं आहे.