साडेतीन हात जागेचा आखाडा

औंधच्या राजेसाहेबांचे नाव निघाले की आपल्या जुन्या घरांत तीन गोष्टी आठवतात : त्यांची चित्रे, त्यांची कीर्तने आणि त्यांचे सूर्यनमस्कार. पहिल्या दोहोंविषयी जाणकार मंडळी बोलतातच. मी गाणे शिकवणारा माणूस असूनही आज तिसऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहे. कारण लहान मुलांना दम कसा राखावा हे शिकविताना मला या राजाची आठवण वारंवार होते.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. तरुणपणी सँडो या युरोपातील नामांकित मल्लाच्या पद्धतीची त्यांना मोठी ओढ होती. त्याची पुस्तके व साधने मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. पुढे १९०८ साली मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग जन्मभर त्यांनी ते सोडले नाहीत. १९०९ साली ते औंधच्या गादीवर आले.

संस्थान लहान, अवघ्या बहात्तर गावांचे. तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल हे तालुके इकडे, तर गुणदाळ पार विजापूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. इकडची मुले मराठी बोलत, तिकडची कानडी. आटपाडीकडचा भाग तर पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. पोहण्यासारखा व्यायाम नाही असे आपले वडीलधारे सांगत आले; पण जेथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात तेथे मुलांना पोहायला शिकवायचे कोठे? तालमीला हौदा हवा, माती हवी, वस्ताद हवा. नमस्काराला साडेतीन हात जागा पुरते. शाळेपुढचे अंगण झाडले की आखाडा तयार. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलींनाही ते वगळले नाही.

सक्तीच्या कवायतीला मुले कंटाळतात, हे शिक्षकाला सांगायला नको. पण येथे हुकूम काढणारा स्वतः रोज पहाटे घाम गाळणारा होता. राजवाड्यात राणीसाहेब नमस्कार घालीत, मुलेही घालीत. जेथे राजा आधी स्वतः जमिनीला छाती टेकवितो, तेथे पोराला वाकायला लाज कसली?

आता माझ्या विषयाचा धागा सांगतो. औंधच्या पद्धतीत नमस्काराच्या दहा अवस्था, प्रत्येकीत श्वास घेणे, धरणे, सोडणे ठरलेले. आणि आरंभी ओंकारासह ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजे स्पष्ट उच्चारावयाची. कीर्तनात उभे राहिलेल्या माणसाला आवाज पोटातून येतो हे कळते. मुलाच्या अंगाला वळण लावताना त्याच्या आवाजालाही वळण लावावे, ही दृष्टी त्यामागे असावी असे मला वाटते. सूर्योपासना म्हणून हे मंत्र ज्यांना नको असतील त्यांनी नुसता स्वर धरावा. दम तेवढाच कमावला जातो.

त्यांचा हा छंद दूरवर गेला. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले. मात्र नमस्कारांनी जे जे विकार बरे होतात असे त्यांनी उत्साहाने लिहिले, ते सारे आजचा डॉक्टर मान्य करणार नाही. भक्ताच्या हातून असे होते. त्यामुळे मूळ काम उणे होत नाही.

या राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ साली औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. राज्य गेले, नमस्कार मात्र आज जगभर चालू आहेत, आणि पुष्कळांना औंधचे नावही ठाऊक नाही.

माझ्याकडे संध्याकाळी आठदहा वर्षांची मुले गाणे शिकायला येतात. दिवसभर बसून आलेली. षड्ज लावला की चार मात्रांत दम संपतो. काही दिवसांपासून मी तानपुरा गवसणीतच ठेवतो आणि आधी अंगणात पाच नमस्कार घालून घेतो, मंत्र सावकाश, एका सुरात. पहिल्या आठवड्यात एका पालकांनी नापसंती दर्शविली. गाण्याची फी भरून कवायत कशाला, असा त्यांचा रोख होता. मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. नवव्या दिवशी त्यांच्या मुलीने षड्ज लावला आणि तो आठ मात्रा हलला नाही. ते दारातच उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीला नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधी आणून सोडले.