दुरून पाहून शिकलेले तैलरंग : राजा रविवर्मा यांची साधना

बंगळूरु : शहरातील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये वसविण्यात आली आणि तिला म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव देण्यात आले. याच महाराजांनी १८८५ मध्ये राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे काढण्यासाठी राजा रविवर्मा यांना पाचारण केले होते. तोवर रविवर्मा यांची कीर्ती अनेक दरबारांत पोहोचली होती. मात्र ज्या तैलरंगांनी ती मिळवून दिली, ते त्यांना कोणीही रीतसर शिकवलेले नव्हते.

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. घराच्या भिंतींवर रेखाटणाऱ्या या मुलाचा हात मामा राजराज वर्मा यांनी ओळखला. तंजावर शैलीत काम करणाऱ्या मामांनी त्यांना पहिले धडे दिले आणि १८६२ मध्ये तिरुवनंतपुरमला नेऊन महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यापुढे उभे केले. राजाश्रय मिळाला, गुरू मिळाला नाही.

तैलरंगांचे ज्ञान त्या दरबारात रामस्वामी नायकर यांच्यापाशी होते आणि ते देण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचे शिष्य आरुमुगम पिळ्ळै यांनी मात्र गुरूच्या नकळत रविवर्मा यांना मदत केली. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले. त्यांनीही शिकवण्याचे नाकारले. काम चालू असताना पाहण्याची मुभा तेवढी दिली. शिक्षण म्हणावे तर एवढेच.

नुसते पाहून हे माध्यम साधणे किती अवघड, हे पहिल्यांदाच तैलरंग हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला लवकर कळते. पाण्यात कालवलेला रंग पाणी उडताच सुकतो. जवसाच्या तेलात घोटलेला रंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो. त्यामुळे गालावरील उजेड आणि सावली कुंचल्याने एकमेकांत विरघळवता येतात, रेशमाची चमक नंतरही दुरुस्त करता येते. परंतु शिस्त पाळावी लागते. कॅनव्हासवर आधी अस्तर हवे. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि वरच्या थरांत तेलाचे प्रमाण अधिक हवे. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे चित्राला भेगा पडतात. रविवर्मा यांच्यापुढे हे सांगणारे पुस्तक वा वर्ग नव्हता. चुकत, पुसत, पुन्हा रंगवत ते शिकले.

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केशरचना करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नातही गौरव झाला. १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. त्यासाठी धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह त्यांनी उत्तर भारताचा प्रवास केला. हे बंधू स्वतः कसलेले निसर्गचित्रकार होते. थोरल्याच्या कीर्तीत त्यांचा वाटा सहसा विसरला जातो, हे अन्यायाचेच आहे.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते अधिक गाढ. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवला. तैलचित्राचा भास देणारी ही छापील चित्रे सामान्यांच्या देवघरांत पोहोचली. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले. कलेच्या दृष्टीने या छापील चित्रांची योग्यता मूळ चित्रांच्या तुलनेत उणीच होती आणि धंदाही तोट्यात गेला. अखेर छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात म्हैसूरने त्यांना पुन्हा बोलावले. चामराजेंद्र १८९४ मध्येच निवर्तले होते. या वेळी त्यांचे पुत्र चौथे कृष्णराज वडियार यांना नऊ पौराणिक चित्रे हवी होती. जानेवारी १९०५ मध्ये राजराज वर्मा यांचे निधन झाले. दीर्घकाळ शेजारी बसून रंगवणारा सोबती गेला आणि मधुमेहाने रविवर्मा यांचे शरीरही थकत गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. म्हैसूरसाठी काढलेली त्यांची चित्रे आज तेथील जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात आहेत.