फेलिक्स ब्लॉख आणि नको असलेली रेघ

इस्पितळात एम.आर.आय.साठी रोग्याला मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात निजवितात, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याच विद्येने शास्त्रज्ञ प्रथिनांची घडण पाहतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते फेलिक्स ब्लॉख.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे व्यापारी. पैशांअभावी त्यांना स्वतःला विद्यापीठात जाता आले नव्हते. मुलगा मात्र १९२४ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाला. इंजिनिअर होण्यासाठी गेलेले फेलिक्स लवकरच पदार्थविज्ञानाकडे वळले. १९२८ साली जर्मनीत लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परंतु १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू अध्यापकांना विद्यापीठांची दारे बंद झाली. ब्लॉख यांनी जर्मनी सोडली. १९३४ साली ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले.

तेथे १९४६ साली हॅन्सन व पॅकार्ड यांच्यासह त्यांनी आपला मोठा प्रयोग यशस्वी केला. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे जणू इवलासा लोहचुंबक. मोठ्या चुंबकाजवळ ते भोवऱ्यासारखे डुलते आणि नेमकी जुळणारी रेडिओलहर मिळाली की साद देते. त्याच सुमारास हार्वर्ड येथे पर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीही हे स्वतंत्रपणे दाखविले. १९५२ चे नोबेल पारितोषिक ब्लॉख व पर्सेल या दोघांना मिळाले.

ब्लॉख यांना अणुकेंद्राची चुंबकशक्ती अचूक मोजायची होती. १९५० साली त्यांच्याकडील प्रॉक्टर व यू यांनी अमोनियम नायट्रेट तपासले. शेतात खत म्हणून घालतात तेच. नायट्रोजनची एक रेघ हवी होती, दिसल्या दोन! अणूचे शेजारी बदलले की त्याची सादही बदलते, हे त्याचे कारण. मोजमाप करणाऱ्यांना ही अडचण वाटली. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती मात्र किल्लीच आली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठराविक रीतीने दुमडली तरच बहुधा तिचे काम चालते. १९५७ साली एका प्रथिनाच्या सादी प्रथम टिपल्या गेल्या, पण शेकडो सादी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पुढे चुंबक अधिक शक्तिमान झाले, रीती सुधारल्या. कोणते हायड्रोजन एकमेकांजवळ आहेत ते कळू लागले, आणि त्यावरून साखळीची घडी मांडता आली. त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक करावे लागत नाहीत. ते पाण्यात विरघळलेले चालते.

अशा रीतीने एका प्रथिनाची संपूर्ण घडण १९८५ साली व्युथरिख यांनी प्रसिद्ध केली, तीही ब्लॉख जेथे शिकले त्याच झुरिकच्या तंत्रविद्यापीठात. ब्लॉख यांना ते पाहता आले नाही. १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिक येथेच त्यांचे निधन झाले होते. व्युथरिख यांना २००२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पालकहो, मुलांच्या वहीत भलतेच उत्तर आले तर ते लगेच खोडू नका. ते कसे आले, एवढे आधी विचारा.